बास्क पेलोता: खेळ एक की अनेक, आणि तो चेंडू नेमका कशाचा बनवतात?

आडवाट:

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त सध्या माझा मुक्काम उत्तर स्पेनमधील बिल्बाओ येथे आहे. या भागातील जवळजवळ प्रत्येक गावात, बहुधा चर्चला किंवा नगरपालिकेच्या इमारतीला लागून, एक उंच भिंत आणि तिच्यापुढे सपाट मोकळी जागा दिसते, आणि संध्याकाळी मुले तिथे भिंतीवर चेंडू मारत असतात. हा बास्क लोकांचा पेलोता नावाचा खेळ आहे एवढे मला समजले, परंतु दूरचित्रवाणीवरील सामने पाहू लागल्यापासून गोंधळ वाढला आहे. एका सामन्यात पांढऱ्या विजारी घातलेले खेळाडू उघड्या तळहाताने चेंडू मारत होते, दुसऱ्यात त्यांच्या हाती जाड लाकडी फळी होती, तर तिसऱ्यात उजव्या हाताला एक लांब, वाकडी, विणलेली टोपली बांधलेली होती आणि मैदानही पहिल्यापेक्षा कितीतरी लांब होते.

हा सगळा एकच खेळ आहे का? एका दुकानात चेंडू हातात घेऊन पाहिला, तो सीझन बॉलइतकाच टणक लागला. तो उघड्या हाताने मारणाऱ्यांचे हात शाबूत कसे राहतात? शिवाय, महाविद्यालयात असताना स्क्वॉश खेळलेल्या आणि आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाला यातील काय खेळता येईल, आणि त्यासाठी कोणते साहित्य घ्यावे? मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का, हेही कृपया सांगावे. माझ्या पत्नीलाही खेळून पाहण्याची इच्छा आहे, पण दूरचित्रवाणीवर मला सगळे पुरुषच दिसले.

चेंडूफळी:

पेलोता हे खेळांच्या एका अख्ख्या घराण्याचे नाव आहे असे धरून चाललात तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. त्यांपैकी बहुतेक प्रकारांत मूळ नियम तोच असतो: चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा आणि परत आलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने हवेतच किंवा फार तर एका टप्प्यानंतर पुन्हा भिंतीवर पोहोचवायचा. समोरच्या भिंतीच्या खालच्या भागात धातूची पट्टी बसवलेली असते. चेंडू तिला लागला की खणकन आवाज होतो आणि गुण गेल्याचे पंचांच्या आधी प्रेक्षकांनाच कळते. पुढचे सगळे, म्हणजे मैदानाची लांबी, चेंडूचे वजन, डावपेच आणि खेळाडूची शरीरयष्टीसुद्धा, हातात काय आहे यावर ठरते. उघड्या हाताचा आणि लाकडी फळीचा, म्हणजे पालाचा, खेळ साधारण ३६ मीटर लांबीच्या मैदानावर होतो. टोपलीतून सुटलेल्या चेंडूला एवढी जागा अपुरी पडते, म्हणून त्या प्रकारासाठी ५४ मीटरचे मैदान बांधतात. स्क्वॉशचे कोर्ट जेमतेम पावणेदहा मीटर लांब असते, त्यावरून अंदाज यावा. या मैदानांना फ्रोंतोन म्हणतात आणि त्यांना समोरच्या भिंतीखेरीज डाव्या बाजूला एक लांब भिंत असते. उजवी बाजू प्रेक्षकांसाठी मोकळी असते. फ्रान्सच्या हद्दीतील बास्क गावांत मात्र नुसती एकच भिंत असलेली उघडी मैदानेही पुष्कळ आढळतात.

आता चेंडूविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या खेळाचे खरे साहित्य चेंडूच आहे आणि नवख्या प्रेक्षकाचे लक्ष नेमके त्याच्याकडेच जात नाही. हाताने खेळण्याच्या व्यावसायिक चेंडूचे वजन साधारण १०० ते १०७ ग्रॅमच्या दरम्यान असते, तर क्रिकेटच्या चेंडूचे १५६ ते १६३ ग्रॅम. पेलोताचा चेंडू हलका असला तरी तो आकाराने लहान असतो आणि अतिशय घट्ट गुंडाळलेला असतो, त्यामुळे सगळा आघात तळहाताच्या थोड्याशा भागावर येतो. मध्यभागी लहानसा टणक गाभा असतो, त्यावर रबराचे वेढे देतात, त्यावर लोकरीचा धागा ओढून ओढून गुंडाळतात, मग सुती दोरा, आणि शेवटी इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे कातड्याचे दोन तुकडे एकमेकांत बसवून ते हाताने शिवतात. रबर किती घातले आणि धागा किती ताणून गुंडाळला यावर चेंडूची उसळी ठरते. त्यामुळे एकाच कारागिराने एकाच दिवशी केलेले, काट्यावर सारखेच भरणारे दोन चेंडूही मैदानावर निराळे वागतात.

म्हणूनच मोठ्या सामन्याच्या काही दिवस आधी चेंडू निवडण्याचा एक स्वतंत्र कार्यक्रम होतो. दोन्ही बाजूंचे खेळाडू फ्रोंतोनवर येतात, समोर मांडलेले चेंडू एकेक करून भिंतीवर मारून पाहतात, आवाज ऐकतात आणि आपापल्या पसंतीचे चेंडू बाजूला काढून ठेवतात. ज्याचा फटका जोरकस आहे तो उसळता, जिवंत चेंडू शोधतो. ज्याची भिस्त कोपऱ्यात अलगद टाकलेल्या चेंडूवर आहे त्याला जरा मंद चेंडू हवा असतो. निवडलेल्या चेंडूंचे वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छापून येते आणि त्यावर वाचकांची तज्ज्ञ मते सामन्यापर्यंत चालू राहतात. सामन्यात जो गुण जिंकतो तोच पुढची सर्व्हिस करतो, आणि सर्व्हिस हाती आली की आपल्या आवडीचा चेंडू मागून घेण्याची संधीही मिळते. २२ गुणांच्या सामन्यात त्यामुळे चेंडू बदलला की खेळाचा नूर बदलताना स्पष्ट दिसतो. पुढच्या वेळी सामना पाहताना सर्व्हिसपूर्वी खेळाडू बाजूच्या पेटीतून काय उचलतो तिकडे अवश्य लक्ष द्यावे.

हात शाबूत राहतात का, याचे प्रामाणिक उत्तर म्हणजे नेहमीच राहतात असे नाही. बोटे जिथे तळहाताला मिळतात तिथे सूज येते, रक्त साकळते आणि खिळा रुतल्यासारखी कळ येते. भल्याभल्या खेळाडूंनी या कारणावरून अंतिम फेऱ्या सोडल्या आहेत. सुजलेला तळहात जमिनीवर ठेवून त्यावर दुसऱ्या कोणाला तरी पाय देऊन उभे राहायला सांगण्याचा अघोरी उपाय जुन्या काळी करत असत, असे सांगतात. आजचे खेळाडू सामन्यापूर्वी तळहातावर चिकटपट्टी आणि मऊ थरांचे छोटे तुकडे कापून बसवतात. हे काम ते स्वतःच करतात आणि कोणी मध्ये बोललेले त्यांना खपत नाही, कारण तुकडा जाड झाला तर चेंडूचा स्पर्श हरवतो, पातळ झाला तर दहाव्या गुणाला हात बधिर होतो, आणि थोडासा सरकला तर चेंडूची दिशाच चुकते. शिवाय फटका तळहाताच्या मध्यावर घ्यायचा नसून बोटांच्या मुळाशी घ्यायचा असतो. चेंडू क्षणभर पकडून भिरकावला तर तो दोष ठरतो. हुलियान रेतेगी यांनी एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद ११ वेळा मिळवले. असे लोक आपल्या हातांना किती जपत असतील याची कल्पना करावी.

पोफळबाग:

चेंडूफळी यांनी हाताचा खेळ फार छान उलगडला आहे. मी टोपलीविषयी लिहितो, कारण विणकाम हा माझ्या आवडीचा विषय आहे.

या टोपलीला शिस्तेरा म्हणतात. तिचा सांगाडा चेस्टनटच्या लाकडाचा असतो. त्याच लाकडाच्या पातळ बरगड्या वाफेवर वाकवून बसवतात आणि त्यांच्यामधून वेताच्या बारीक कामट्या विणतात. आकार डोळ्यांसमोर आणायचा असेल तर आमच्या कोकणात पोफळीखाली गळून पडलेली विरी आठवावी: तशीच लांबट, खोलगट आणि टोकाकडे वळलेली. वरच्या टोकाशी चामड्याचा हातमोजा शिवलेला असतो, त्यात बोटे घालायची आणि लांब फीत मनगटाभोवती आवळून गुंडाळायची. प्रत्येक टोपली खेळाडूच्या मापाची असते. मैदानाच्या पुढच्या भागात खेळणाऱ्याला झटपट वळवता यावी म्हणून ती किंचित आखूड असते, तर मागे खेळणाऱ्याला लांब पल्ला हवा असल्यामुळे त्याची लांब असते.

मूळ कल्पना मात्र अगदी साधी होती. फ्रान्सच्या बाजूला सें-पे-स्यूर-निव्हेल नावाचे गाव आहे. तेथील गांचिकी दितुरबिद नावाच्या मुलाने सुमारे १८५७ मध्ये घरातील फळे ठेवण्याची उथळ टोपली उचलून तिने चेंडू मारून पाहिला, असे सांगतात. त्या काळी चेंडू मारण्यासाठी चामड्याचे जड हातमोजे वापरत असत आणि ते महाग होते. टोपली स्वस्त पडली, हलकी पडली आणि तिने चेंडू अधिक दूर गेला. पुढे १८८८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये मेल्चोर गुरुसेआगा या खेळाडूने, मनगट दुखावलेले असल्यामुळे, अधिक लांब आणि खोल टोपली वापरायला सुरुवात केली. तिच्यात चेंडू क्षणभर विसावतो आणि मग संपूर्ण शरीराच्या झोक्याने फेकला जातो. यातूनच सेस्ता पुन्ता हा प्रकार निघाला, जो बाहेरच्या जगात हाय अलाय या नावाने प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्पेनच्या नाव्हारा प्रांतातील खेळाडूंनी उलट दिशेने जाऊन उथळ टोपलीचा रेमोन्ते हा प्रकार रुजवला. त्यात चेंडू थांबत नाही, कामट्यांवरून सरपटत निघून जातो. मला व्यक्तिशः रेमोन्ते अधिक देखणा वाटतो, पण त्याचे सामने आता मोजक्याच ठिकाणी होतात.

बिल्बाओहून गेर्निका जवळ आहे. तेथील १९६३ साली बांधलेला फ्रोंतोन सेस्ता पुन्तासाठी जगभर नावाजलेला आहे. सामना असेल त्या दिवशी जरूर जावे.

आडवाट:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एका चित्रफितीत हा जगातील सर्वांत वेगवान चेंडूचा खेळ असून चेंडू ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने जातो असे म्हटले होते. यात अतिशयोक्ती किती?

खारेवारे:

माझी अनेक वर्षे फ्लोरिडात गेली असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. १९७९ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, न्यूपोर्टच्या फ्रोंतोनवर, होसे रामोन आरेतियो यांनी फेकलेल्या चेंडूचा वेग ताशी ३०२ किलोमीटर नोंदला गेला, आणि तोच आकडा तेव्हापासून सर्वत्र फिरतो आहे. तो खराच आहे, परंतु तो विक्रम आहे. रोजच्या सामन्यातील चेंडू त्याहून बराच कमी वेगाने जातो. शिवाय लांब अंतराचा फटका मारण्याच्या स्पर्धांत गोल्फचा चेंडू याच्याही पुढे जातो, त्यामुळे ‘सर्वांत वेगवान’ हे बिरुद जाहिरातीपुरतेच घ्यावे. अर्थात गोल्फचा चेंडू समोरून आपल्या अंगावर येत नाही, हा फरक लक्षात घेतला तर पेलोताचे पारडे पुन्हा जड होते.

सेस्ता पुन्ताचा चेंडू हाताच्या चेंडूपेक्षा वजनदार असतो, साधारण १२५ ते १४० ग्रॅम. त्याचा गाभा रबराचा असतो आणि त्यावर बकऱ्याच्या कातड्याचे दोन थर शिवलेले असतात. भिंतीवर आदळून आदळून वरचे कातडे पंधरा-वीस मिनिटांच्या खेळातच फाटू लागते. मग तो चेंडू बाजूला ठेवून विश्रांती देतात आणि पुन्हा शिवून वापरात आणतात. साधा गिलावा या माऱ्यापुढे टिकत नाही, म्हणून समोरची भिंत ग्रॅनाइटच्या चिऱ्यांची बांधतात. खेळाडूंच्या डोक्यावरचे शिरस्त्राण मात्र बरेच उशिरा, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, गंभीर दुखापतींनंतर सक्तीचे झाले. त्यापूर्वीची छायाचित्रे पाहिली तर उघड्या डोक्याने खेळणारी माणसे दिसतात आणि अंगावर काटा येतो.

अमेरिकेत या खेळाने पैजांवर जम बसवला. बास्क प्रदेशात दोन जोड्या लाल आणि निळ्या रंगांत एकमेकींविरुद्ध दीर्घ सामना खेळतात. फ्लोरिडात मात्र आठ जोड्या आळीपाळीने मैदानात येत आणि हरलेली जोडी रांगेच्या शेवटी जाऊन बसे, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीसारखे पहिल्या तीन क्रमांकांवर पैसे लावता येत. १९८८ मध्ये खेळाडूंनी पुकारलेला संप सुमारे तीन वर्षे चालला, त्याच सुमारास सरकारी लॉटरी आणि जुगारगृहे वाढली, आणि प्रेक्षक पांगले ते पांगलेच. कनेक्टिकटमधील फ्रोंतोन बंद पडले. संपामुळे खेळ बुडाला असे म्हणणारे पुष्कळ भेटतात; मला ते पटत नाही, कारण पैज लावायला दुसरी सोपी जागा मिळाल्यावर तिथला बहुतांश प्रेक्षक तसाही थांबणार नव्हता.

मांडवीकाठ:

एक छोटी पुरवणी. जुन्या गोव्यात ज्यांचे शव जतन केलेले आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर याच बास्क मुलखातील, नाव्हारा प्रांतातील हावियेर गावचे. त्यांचा जन्म १५०६ चा. मात्र त्यांच्या काळातील पेलोता म्हणजे आपण पाहता तो भिंतीवरचा खेळ नव्हे. त्या वेळी दोन बाजू समोरासमोर उभ्या राहून एकमेकींकडे चेंडू टोलवत असत, आणि टेनिसचा पूर्वज असलेला फ्रेंच खेळ हा त्याचा जवळचा भाऊबंद. भिंत प्रबळ झाली ती एकोणिसाव्या शतकात, चेंडूत रबर आल्यानंतर. लोकर आणि कातड्याचा जुना चेंडू भिंतीवरून जेमतेम परत येई. रबराचा चेंडू जोमाने उसळू लागला, तसे मोठे मैदान आणि जास्त माणसे लागणारा समोरासमोरचा खेळ मागे पडला. चेंडूफळी यांचा चेंडूविषयीचा आग्रह इतिहासालाही लागू पडतो तो असा.

जुना प्रकार पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. नाव्हाराच्या बास्तान खोऱ्यात चामड्याचा मोठा हातमोजा घालून लाशोआ आजही खेळतात. फ्रान्समधील बायोन शहरातले सतराव्या शतकातले बंदिस्त मैदान, जिथे एका बाजूला उतरते छप्पर असते आणि चेंडू त्यावरून घरंगळत खाली येतो, तेही वापरात आहे.

पोफळबाग:

आपल्या पत्नीच्या प्रश्नाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. १९१७ मध्ये माद्रिदमध्ये स्त्रियांचे व्यावसायिक सामने सुरू झाले आणि ते १९८० पर्यंत चालले. या खेळाडू टेनिससारख्या दिसणाऱ्या, पण अधिक भक्कम चौकटीच्या रॅकेटने कातडी चेंडू मारत असत. त्या काळी स्पेनमध्ये स्वतःच्या कमाईवर घर चालवणाऱ्या स्त्री-खेळाडू जवळपास नव्हत्याच, आणि या मुली बास्क प्रदेशातील लहान गावांतून येऊन माद्रिद, बार्सिलोना, अगदी मेक्सिको आणि क्यूबापर्यंत जाऊन खेळल्या. एवढे असूनही खेळाच्या अधिकृत इतिहासात त्यांना दीर्घकाळ जागा मिळाली नाही, याचे मला सखेद आश्चर्य वाटते. आज स्त्रिया हाताने, पालाने आणि रबरी चेंडूच्या प्रकारांत खेळतात, त्यामुळे आपल्या पत्नीने निःसंकोचपणे जावे.

चेंडूफळी:

राहिला साहित्याचा प्रश्न. स्क्वॉशची पार्श्वभूमी असलेल्या नवख्याने कातडी चेंडूच्या वाटेला न जाता रबरी चेंडू आणि लहान लाकडी पालेता यांपासून सुरुवात करावी, असे मी निक्षून सांगेन. हा प्रकार अर्जेंटिनातून आला. तिथे स्थायिक झालेल्या गाब्रिएल मार्तिरेन या बास्क माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बैलाच्या खांद्याच्या चपट्या हाडाने रबरी चेंडू मारून पाहिला आणि मग त्याच आकाराची लाकडी फळी करून घेतली, अशी त्याची जन्मकथा सांगतात. फळीचा आकार आजही त्या हाडाची आठवण करून देतो. चेंडू पोकळ असल्यामुळे मनगटावर ताण कमी येतो आणि स्क्वॉशमधील कोन साधण्याची सवय इथे लगेच उपयोगी पडते. अडचण येईल ती डाव्या भिंतीला चिकटून येणाऱ्या लांब चेंडूची, कारण तिथे धाव स्क्वॉशपेक्षा कितीतरी जास्त लागते.

डावखुरेपणाने इथे काही बिघडत नाही. हाताच्या खेळात तर दोन्ही हात तयार लागतात, कारण भिंतीलगतचा चेंडू डाव्या हाताने आणि मोकळ्या बाजूचा उजव्या हाताने घ्यावा लागतो. बास्क मुलांना लहानपणापासून दोन्ही हातांनी खेळायला शिकवतात आणि त्यांच्यासाठी वयोमानाप्रमाणे हलके चेंडूही मिळतात. सेस्ता पुन्ताचे दार मात्र आपल्याला बंद आहे. डाव्या बाजूला भिंत असल्यामुळे तिथे टोपली उजव्याच हातात बांधतात आणि जन्मजात डावखुऱ्यालाही उजव्या हाताने खेळावे लागते.

खरेदी करताना पालेता हातात धरून मोकळ्या जागेत दोन-तीनदा फिरवून पाहा. टोकाकडे जड वाटली तर घेऊ नका, संध्याकाळपर्यंत कोपर दुखू लागेल. स्क्वॉशचा चष्मा आपल्याकडे असेलच, तो इथेही वापरावा, विशेषतः जोडीने खेळताना, कारण आपल्याच भिडूचा फटका मागून येत असतो. बूट बंदिस्त मैदानावर चालतील असे सपाट तळव्याचे असावेत. शहरातील छप्पर असलेले फ्रोंतोन बहुधा क्रीडाकेंद्रांत असतात आणि तिथे वेळ आधी राखून ठेवावी लागते. गावातील उघडी भिंत मोकळी असेल तेव्हा कोणीही वापरतो, फक्त मुले आधीपासून खेळत असतील तर त्यांचा डाव संपेपर्यंत बाजूला थांबावे.